भरपाई ही खैरात नव्हे, हक आहे

जालन्याच्या सळईवर महाराष्ट्रात इमारती उभ्या राहतात. ती सळई ओढणारा कामगार भाजला की मात्र तो कोणाचा, हेच ठरत नाही. मालक म्हणतो ठेकेदाराचा, ठेकेदार म्हणतो कालच आला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्या गजकेसरी स्टीलमध्ये स्फोट होऊन वीसहून अधिक कामगार जखमी झाले, तेव्हा चार दिवस बातम्या झाल्या. पुढे भरपाईचे काय, हे कोण विचारतो?

कायदा मात्र स्पष्ट आहे. १९२३ पासून कामावरच्या अपघाताची जबाबदारी मालकावर आहे. कामगार ठेकेदाराचा असला तरी मुख्य मालकाची सुटका नाही. आता हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे, पण तत्त्व तेच. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल, तर 'त्याने हेल्मेट घातले नव्हते' ही सबबही चालत नाही.

हिशोब पाहा. तीस वर्षांचा कामगार दगावला. पगार १५,००० धरला, त्याचा निम्मा ७,५००, गुणिले वयाचा गुणांक २०७.९८. रक्कम होते १५,५९,८५०. महिन्याभरात दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि कारण योग्य नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. म्हणूनच मयतीच्या घरी पाकीट घेऊन येणाऱ्याला सही-अंगठ्याची एवढी घाई असते. मृत्यूची भरपाई अशी परस्पर देताच येत नाही, ती आयुक्तांकडे जमा करावी लागते. हक सोडल्याचा कागदही कायद्यापुढे रद्दी आहे.

पगार २१,००० पर्यंत असेल आणि कारखाना ईएसआयमध्ये असेल, तर भरपाई ईएसआय देते. जखमीला बरे होईपर्यंत मजुरीच्या ९० टक्के, मृताच्या कुटुंबाला पेन्शन. पण त्यासाठी नाव नोंदलेले हवे. वर्गणीचे पैसे वाचवायला नावच न लावणे, ही उघड चोरी आहे.

आणि सरकारही निर्दोष नाही. पगार २०,००० असला तरी हिशोबाला १५,०००च, ही मर्यादा २०२० ची आहे. तेव्हापासून महागाई थांबली आहे का?

आमची मागणी साधी आहे: प्रत्येक कारखान्याच्या गेटवर ठेकेदारी कामगारांची ईएसआय क्रमांकांसह यादी लावा. कामगार विभागाने ती तपासावी. आणि मोहल्ल्यातल्या जाणत्यांनो, जनाज्याला खांदा देता, तसे दावा दाखल करायलाही सोबत जा. कुटुंब बिहार-उत्तर प्रदेशात असेल तर दावा तिथूनही करता येतो. तडजोडीला बसण्याआधी एवढे त्यांना सांगा.