किल्ली कुणाच्या हातात?



स्त्री चळवळीच्या अंकाचे संपादकीय फोटो दुरुस्त करण्याच्या आणि ब्लॉग लिहिण्याच्या सॉफ्टवेअरवर कशासाठी, असे काहीजणींच्या मनात येईल. हिंसा, रोजगार, रेशन, जमिनीचा हक्क हे सगळे वाट पाहत असताना हा कुठला चोचल्याचा विषय? पण आपण आपलेच रोजचे काम जरा न्याहाळून पाहू. मोर्चा निघतो, फोनवर फोटो निघतात, संध्याकाळपर्यंत त्यातले चार निवडून, कापून, उजळ करून, वर मजकूर टाकून सगळीकडे पोचतात. पत्रक कागदावर उतरण्याआधी पडद्यावर तयार होते. निमंत्रण, निषेध, अहवाल, श्रद्धांजली, सारे याच वाटेने जाते. हे काम आपण रोज करतो, ते कशाने करतो याचा विचार मात्र फारसा करत नाही. म्हणून हा विषय.

बहुतेक गटांमध्ये मला तीन प्रकार दिसतात. पहिला, फोनवरचे फुकट ॲप. ते पैसे मागत नाही. फोटोंचा सगळा साठा, ठावठिकाणा आणि कधी कधी संपर्कांची यादी पाहण्याची परवानगी मागते आणि आपण घाईत 'हो' म्हणतो. दुसरा, फोटोशॉपची चोरीची प्रत. कुणाच्या तरी ओळखीच्या मुलाने ती संगणकावर टाकून दिलेली असते आणि तिच्यासोबत कोणते व्हायरस आले ते तोही सांगू शकत नाही. तिसरा, रीतसर भाडे. ॲडोबी कंपनीने २०१३ साली फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या कायमच्या विकणे थांबवले. तेव्हापासून त्या भाड्यानेच मिळतात. भाडे थकले की दार बंद. आणि कधी कधी भाडे भरूनही दार बंद होऊ शकते. ऑक्टोबर २०१९ मध्ये या कंपनीने अमेरिकी सरकारच्या निर्बंधांमुळे व्हेनेझुएलातल्या सर्व ग्राहकांची खाती बंद करण्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात सरकारची परवानगी मिळाली आणि निर्णय मागे घेतला गेला, ही गोष्ट वेगळी. पण एका देशातल्या कलावंतांचे आणि पत्रकारांचे रोजचे हत्यार दुसऱ्या देशातल्या कागदावरच्या सहीने काढून घेता येते, हे त्यातून दिसलेच.

आपल्या चळवळीला हे कळायला अवघड जाऊ नये. छपाईचे साधन आपल्या हातात असणे म्हणजे काय, हे इथल्या बायकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये स्वतःचा छापखाना उभारला. तिथल्या बायका खिळे जुळवायला, छापायला, बांधणी करायला शिकल्या. रमाबाईंनी साध्या मराठीत केलेले बायबलचे भाषांतर त्याच बायकांच्या हातून छापले गेले. ज्यांना समाजाने टाकले होते, त्यांच्या हाती छापखाना होता. पुढे १९८० साली मथुरा प्रकरणावरून देशभर बायका रस्त्यावर आल्या, तेव्हा आणि त्यानंतरची कित्येक वर्षे आपली पत्रके सायक्लोस्टाईल यंत्रावर निघत. हात शाईने बरबटत, पण स्टेन्सिल कापणारी आपली, यंत्र फिरवणारी आपली आणि काय छापायचे हे ठरवणारीही आपलीच. आज यंत्र चकचकीत झाले, पण ते दुसऱ्याचे आहे.

मुक्त सॉफ्टवेअरचा विचार इथे कामाला येतो. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकी प्रोग्रामरने सप्टेंबर १९८३ मध्ये 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली आणि त्यातून पुढे चार स्वातंत्र्ये मांडली गेली: सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरण्याचे, ते कसे चालते हे पाहून बदलण्याचे, त्याच्या प्रती इतरांना देण्याचे आणि आपण बदललेली प्रतही वाटण्याचे. इंग्रजीत या सॉफ्टवेअरला जो शब्द वापरतात त्याचा अर्थ मुक्त असाही होतो आणि फुकट असाही, त्यामुळे तिकडे सतत घोळ होतो. मराठीत तो होण्याचे कारण नाही. मुक्त आणि फुकट यांतला फरक आपल्याला चांगला कळतो. फुकट ॲप फुकट असते, मुक्त नसते. मुक्त सॉफ्टवेअर जात्यावरच्या ओवीसारखे असते. जिला येते ती गाते, आपली एक ओळ जोडते, पुढचीला देते. ओवीवर कुणाचे कुलूप नसते.

आता प्रत्यक्ष कामाचे. फोटोसाठी 'गिम्प' नावाचे सॉफ्टवेअर आहे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ते १९९५ साली करायला घेतले, १९९६ मध्ये सर्वांसाठी खुले केले आणि मार्च २०२५ मध्ये त्याची तिसरी मोठी आवृत्ती आली. फोटो कापणे, उजळ करणे, पाठवण्यासाठी लहान करणे, त्यावर देवनागरीत मजकूर लिहिणे, ही आपली नव्वद टक्के कामे त्यात होतात. अक्षरांसाठी मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनी केलेला 'मुक्ता' हा फॉन्ट वापरता येतो. तोही मुक्त परवान्याचा आहे आणि युनिकोडमधला आहे. त्यातली अक्षरे कोणत्याही संगणकावर, फोनवर तशीच दिसतात. जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेले अंक आज उघडले की मराठीच्या जागी भलतीच चिन्हे दिसतात, हा अनुभव आपल्यापैकी किती जणींनी घेतला असेल! चित्रे रंगवून पोस्टर करायचे असेल तर 'क्रिता' आहे. उणिवाही सांगते. छापखान्यासाठी चार रंगांची फाईल तयार करणे गिम्पमध्ये अजून सोपे नाही, आणि फोटोशॉपची सवय असलेलीला पहिले आठवडे चाचपडावे लागते.

पण हा नुसता सोयीगैरसोयीचा मामला नाही. आमच्या समुपदेशन केंद्रात आलेल्या एका बाईने फोटो काढण्याआधी विचारले, "ताई, हा फोटो कुठे कुठे जाईल?" आपल्या सगळ्या चर्चेचा गाभा या प्रश्नात आहे. फुकट ॲपमधून गेलेल्या फोटोबद्दल त्याचे खरे उत्तर देता येत नाही. आपल्या संगणकावर गिम्पमध्ये उघडलेला फोटो आपण पाठवल्याशिवाय कुठेही जात नाही, हे मात्र ठामपणे सांगता येते.

लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रीची ओळख प्रसिद्ध करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे, काही ठराविक अपवाद सोडता. आधी दंड संहितेत हेच कलम २२८-अ होते. मुलांच्या बाबतीत पोक्सो कायद्याचे कलम २३ आहे. कायदा नसता तरी आपली जबाबदारी तीच. म्हणून चार गोष्टी ध्यानात ठेवू या. एक, चेहरा नुसता धूसर करू नका, त्यावर गडद रंगाचा ठोकळा ठेवा, कारण धूसर केलेले कधी कधी पुन्हा ओळखता येते. दोन, गिम्पची मूळ फाईल कुणाला पाठवू नका. तिच्यात ठोकळ्याखालचा चेहरा वेगळ्या थरात शाबूत असू शकतो. पाठवायची ती तयार झालेली जेपीजी प्रत. तीन, फोनने काढलेल्या फोटोच्या पोटात तारीख, वेळ आणि बऱ्याचदा ठिकाणही नोंदलेले असते. गिम्पमधून जेपीजी काढताना ही 'एक्झिफ' नोंद वगळण्याची खूण असते, ती वापरा. चौथी गोष्ट कोणतेही सॉफ्टवेअर शिकवत नाही, ती आपल्यालाच कळते. गावात बाई चेहऱ्यावरूनच ओळखली जाते असे नाही. हातावरचे गोंदण, बांगड्या, साडी, मागची पाटी, ओट्याचा रंग यावरूनही ओळखली जाते. फोटो कापताना हे सगळे पाहायचे.

जिच्याकडे फक्त फोन आहे तिच्यासाठी 'सिग्नल' या निरोपांच्या ॲपमध्ये जून २०२० पासून चेहरे झाकण्याची सोय आहे. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि हे झाकण्याचे काम फोनवरच होते, फोटो त्यासाठी बाहेर जात नाही. तिथेही धूसर करण्यापेक्षा जाड रेघेने चेहरा पूर्ण झाकलेला बरा.

ब्लॉगची कथा थोडी वेगळी आहे. आपले लेखन आज समाजमाध्यमांवर विखुरलेले आहे. चार टवाळांनी मिळून तक्रारी केल्या की खाते बंद पडते, आणि दाद मागायला समोर माणूस नसतो. पण तक्रारीविनाही दुकाने बंद होतात. जिओसिटीज २००९ मध्ये अमेरिकेत बंद झाले, ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये आणि टाइपपॅड ही जुनी ब्लॉगसेवा सप्टेंबर २०२५ मध्ये. ज्यांनी वेळेत प्रत काढली नाही त्यांचे लेखन गेले. आपल्या चळवळीचे किती दस्तऐवज आधीच उंदरांनी आणि पावसाने खाल्ले आहेत, त्यात ही भर नको.

वर्डप्रेसचा जन्म याच्या अगदी उलट घडामोडीतून झाला. 'बी-टू' नावाचे ब्लॉगचे सॉफ्टवेअर मिशेल वाल्द्रिगी या फ्रेंच तरुणाने लिहिले होते. पुढे त्याचे त्यावरचे काम थांबले. कंपनीचे बंदिस्त सॉफ्टवेअर असते तर तिथेच संपले असते. पण परवाना मुक्त होता, म्हणून अमेरिकेतला मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडमधला माइक लिटल या दोघांनी ते उचलले आणि २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती आली. आज जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक वेबसाइट त्यावर चालतात आणि ते मराठीतही वापरता येते. सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत. नाव आणि जागा यांचा वर्षाचा खर्च मात्र असतो. तो झेपत नसेल तर त्यांच्याच फुकट सेवेवर सुरुवात करावी आणि पुढे लेखन उचलून स्वतःच्या जागेत न्यावे. उचलून नेता येणे, हाच मुद्दा. एक लक्षात ठेवा: प्रत काढण्याच्या सोयीतून निघालेल्या फाईलमध्ये मजकूर असतो, फोटो नसतात. ते वेगळे जपावे लागतात.

आणि आता सर्वांत अवघड प्रश्न. पासवर्ड कुणाकडे आहे? कित्येक गटांत उत्तर येते, "अमक्याच्या मुलाकडे". वेबसाइटचे नाव त्याच्या ईमेलवर नोंदलेले, संगणक तोच उघडणार, तो परगावी गेला की काम ठप्प. बँकेचे पासबुक बाईच्या नावावर असावे म्हणून आपण बचत गटांतून वर्षानुवर्षे बोललो. मग संस्थेच्या शब्दांची किल्ली दुसऱ्याच्या खिशात कशी चालते? मुलाची मदत जरूर घ्यावी, त्याचा रागही नाही. पण सॉफ्टवेअर मुक्त आणि पासवर्ड परस्वाधीन, तर आपण मुक्त झालो नाही.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीकडेही डोळे उघडे ठेवूनच पाहायला हवे. २००६ साली युरोपीय संघाच्या मदतीने झालेल्या एका अभ्यासात तिथे काम करणाऱ्यांमध्ये स्त्रिया जेमतेम दीड टक्का आढळल्या. कंपन्यांच्या बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये त्या अठ्ठावीस टक्के होत्या. रिकाम्या वेळेत विनामूल्य करायचे काम, आणि रिकामा वेळ कुणाकडे असतो? शिवाय तिथली भाषा आणि वागणूक. स्टॉलमन यांनी एपस्टीन प्रकरणासंदर्भात लिहिलेल्या मजकुरावर टीका झाली. त्यांना २०१९ मध्ये एमआयटी आणि फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचे अध्यक्षपद सोडावे लागले, आणि २०२१ मध्ये ते त्याच संस्थेच्या मंडळावर परतले तेव्हा पुन्हा निषेध झाला. गिम्प हे नावच इंग्रजीत अपंगांना हिणवणारे आहे. त्या कारणाने काहीजणांनी २०१९ मध्ये 'ग्लिम्प्स' नावाची वेगळी शाखा काढली, पण माणसे अपुरी पडून ती २०२१ मध्ये थांबली. दुसरीकडे २००६ मध्ये ग्नोम प्रकल्पात स्त्रियांसाठी सुरू झालेला आणि आज 'आउटरीची' नावाने चालणारा उपक्रम मानधन देऊन नव्या लोकांना या कामात आणतो. म्हणजे इथेही झगडा आहे आणि तो झगडणाऱ्या बायका आहेत. आपण बहुतांशी पुरुषांनी लिहिलेली राज्यघटना, कायदे, भाषा वापरतो, त्यांच्याशी भांडतो, त्या बदलतो. हेही तसेच करू.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक गटाने पुढच्या तीन महिन्यांत एक दिवसाचे शिबिर घ्यावे. निदान दोघींनी, त्यातली एक चाळिशीपुढची, गिम्प आणि वर्डप्रेस हाताळायला शिकावे. फोटोसाठी एक वही ठेवावी: कुणाचा फोटो, कशासाठी, तिने कुठपर्यंत पाठवायला होकार दिला आणि तिने नको म्हटले तर कुठून कुठून काढायचा. पासवर्ड दोन कार्यकर्त्यांकडे आणि बंद पाकिटात कपाटात असावा. दर तिमाहीला सगळ्या लेखनाची आणि फोटोंची प्रत संस्थेच्या डिस्कवर उतरवावी. ज्यांना इंग्रजी-मराठी दोन्ही येते त्यांनी या सॉफ्टवेअरमधल्या मराठी शब्दांकडेही पाहावे. ते बोजड असतील तर बदलायची मुभा आपल्याला आहे.

शिकताना काय जमले, कुठे अडले, कोणत्या शब्दाने घोटाळा केला, ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी चार पाने राखून ठेवली आहेत.

आपली,
संपादक