घासाघीस

या वीकांताला कोड बाजूला ठेवून फरशीवर लिहितोय. आणि जरा चिडून लिहितोय, सांभाळून घ्या.

आमच्या घरात कोटा आहे, आईबाबांनी तीस वर्षांपूर्वी बसवलेला. पार निस्तेज झाला होता. येणारा-जाणारा एकच सल्ला द्यायचा : "उखडा आणि व्हिट्रिफाइड टाका." आई तयार नव्हती, म्हणून दिवाळीआधी पॉलिश करून घेतलं. दिवाळीत फरशीत पणत्या दिसत होत्या. संक्रांतीपर्यंत चमक गायब, आणि तिरप्या उन्हात गोल गोल ओरखडे! सल्लागार खूश : "बघ, दगडच जुना झालाय."

साफ चूक. दगड ठणठणीत होता, मधले पॅड गाळले होते.

हिऱ्याच्या कणांचे पॅड नंबराने येतात : ५०, १००, २००, ४००, ८००, १५००, ३०००. नंबर जितका मोठा तितका कण बारीक. प्रत्येक पॅडचं काम एकच, आधीच्या पॅडचे ओरखडे काढून स्वतःचे बारीक ओरखडे ठेवणं. ५० वरून थेट ४०० वर उडी मारली की वरचे उंचवटे गुळगुळीत होतात, खोल चरे तसेच राहतात. मग त्यात मेण भरायचं. काही महिने पुसलं की मेण जातं, चरे हजर! टेस्टिंग न करता रिलीज मारल्यासारखंच झालं हे. खरी चमक शेवटच्या पॅडमध्ये नसतेच, मधल्या कंटाळवाण्या पॅडमध्ये असते.

आता पॉलिशवाल्याला शिव्या घालणं सोपं आहे. पण चौरस फुटामागे पाच रुपये कमी करून घेतले कोणी? "एका दिवसात उरका" म्हणालं कोण? मीच. घासाघीस मी केली, म्हणून त्याने घासणं कमी केलं. मॉलमध्ये निमूट पैसे देणारे आपण, गुडघे टेकून काम करणाऱ्या माणसापुढेच कसे बाणेदार होतो?

तेव्हा दर ठरवण्याआधी पॅड ठरवा. सुरुवात कुठून करायची ते कोपऱ्यात दोन फूट घासून बघा. फरशी फक्त मंद झाली असेल तर २०० किंवा ४०० पुरतो, उगाच ५० लावून दगड खाऊ नका. पण एकदा सुरुवात केली की मधला नंबर गाळायचा नाही. प्रत्येक पॅडनंतर रेंदा धुवा, राहिलेला एक जाड कण पुढचं काम बिघडवतो. ओल्या फरशीवर भुलू नका, पाणी चरे लपवतं. कोरडी होऊ द्या, बॅटरी आडवी धरून बघा. पांढऱ्या संगमरवराला काळं बफ नको, रंग उतरतो, पांढरंच घ्या. आणि कोटा, संगमरवर दोन्ही आम्लाने खराब होतात, त्यामुळे संडास साफ करायचं अ‍ॅसिड फरशीवर ओतणाऱ्या शूरवीरांना दुरूनच नमस्कार.

त्याच पॉलिशवाल्याला परत बोलावलं. नंबर लिहून दिले, तो म्हणेल तो दर दिला, घाई केली नाही. तीन दिवस लागले. मेणाची बाटली त्याने पिशवीतून काढलीच नाही.

"असं करायला सांगतं कोण, साहेब?" जाताना म्हणाला.

फरशी उखडण्याआधी या प्रश्नाचं उत्तर द्या. असो.