ग्राफिक्स कार्डचा प्लग का वितळतो? उत्तर दडलंय मिलीओहममध्ये

ऑक्टोबर २०२२ मध्ये एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० बाजारात आलं आणि काही दिवसांतच वितळलेल्या प्लगचे फोटो व्हायरल झाले. प्लग पूर्ण आत न बसवल्यामुळे असं होतं, असं कंपनीने सांगितलं. २०२५ मध्ये सुधारित प्लगसह ५०९० आलं, तरी तक्रारी थांबल्या नाहीत. मग चूक वापरणाऱ्याचीच म्हणायची का?

कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स म्हणजे काय?

धातूचे दोन भाग एकमेकांना टेकले, तरी प्रत्यक्षात ते काही बारीक उंचवट्यांवरच भेटतात. तिथे विजेला होणारा अडथळा म्हणजे कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स. चांगल्या जोडात तो फक्त काही मिलीओहम असतो.

तो मोजतात कसा?

साध्या मल्टिमीटरने नाही. त्याच्या वायरींचाच अडथळा याहून कितीतरी जास्त असतो. म्हणून चार वायरींची 'केल्विन पद्धत' वापरतात. दोन वायरींतून करंट सोडायचा आणि उरलेल्या दोन वायरींनी थेट जोडावरचं व्होल्टेज मोजायचं. या दुसऱ्या जोडीतून करंट जवळपास जातच नाही, त्यामुळे वायरींचा अडथळा हिशेबात येत नाही. चाचणीत व्होल्टेज २० मिलिव्होल्ट आणि करंट १०० मिलीअँपिअरच्या वर जाऊ देत नाहीत. कारण जास्त व्होल्टेजमुळे धातूवरचा गंजाचा पातळ थर फुटतो आणि खराब जोडही चांगला दिसतो.

मग अडतं कुठे?

६०० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर ५० अँपिअर. सहा पिनांत समान वाटणी झाली तर प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे ८.३ अँपिअर येतात. जोड ५ मिलीओहमचा धरला, तर उष्णता जेमतेम ०.३५ वॅट. पण काही पिना सैल असतील तर त्यांचा अडथळा वाढतो आणि करंट उरलेल्या चांगल्या पिनांकडे वळतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'देरबावर' या जर्मन यूट्यूबरने ५०९० च्या एकाच वायरीत २० अँपिअरहून जास्त करंट मोजून दाखवला. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे २० अँपिअरला त्याच जोडावर २ वॅट, जवळपास सहापट.

याचा अर्थ काय?

प्रयोगशाळेत नवी पिन पास झाली, एवढ्याने भागत नाही. मूळ प्लग साधारण ३० वेळा काढण्या-घालण्यासाठीच बनवलेला होता. घरात कुठली पिन कधी सैल होईल, हे ग्राहकाला बाहेरून दिसत नाही. प्रत्येक पिनेतला करंट कार्डनेच मोजला आणि वाटणी बिघडताच वीज कमी केली, तर धोका वेळीच कळेल. 'प्लग नीट बसवा' हा सल्ला बरोबरच आहे, पण सगळी जबाबदारी त्याच्यावर ढकलता येणार नाही.