गाणं द्या, पण हिशेबासकट

आपल्या मंडळात सध्या एका कल्पनेची चर्चा आहे. विद्यार्थ्यांनी जुनी मराठी भावगीतं आपल्या आवाजात गायची, दहा-बारा गाण्यांचा अल्बम करायचा आणि विक्रीचे पैसे गॅसपीडित वस्त्यांमधल्या दिव्यांग मुलांच्या उपचारासाठी द्यायचे. कल्पना मला मनापासून आवडली. पण आतापर्यंतचं सगळं बोलणं गाणी कोणती आणि गाणार कोण, यावरच चाललं आहे. माझं म्हणणं असं, की पैसा कुणाकडून, कुणाला आणि कधी पोचणार हे आधी ठरवू या. गाणी त्यानंतर निवडू.

हे बोलले की मैत्रिणी म्हणतात, "चांगल्या कामात तू कशाला खोडा घालतेस?" खोडा नाही घालत. चांगल्या मनाने दिलेलं गाणंसुद्धा वाटेत कसं अडकतं, याचे दाखले आहेत म्हणून बोलते.

1 ऑगस्ट 1971 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी कार्यक्रम केला. तिकिटांचे सुमारे अडीच लाख डॉलर युनिसेफला मिळाले. मात्र अल्बम आणि चित्रपटातून आलेला पैसा अमेरिकेच्या करखात्याच्या कचाट्यात कित्येक वर्षं अडकून पडला. कारण साधं होतं. करमाफीसाठी लागणारी कागदोपत्री तयारी कार्यक्रमाआधी झालीच नव्हती. भूक त्या वर्षी होती, पैसा मात्र उशिरा सुटला.

दुसरा दाखला आपल्या घरचा. 'ऐ मेरे वतन के लोगों' लिहिणारे कवी प्रदीप आपल्या मध्य प्रदेशातल्या बडनगरचे, चाल देणारे सी. रामचंद्र पुणतांब्याचे, आणि गायलं लताबाईंनी, 1963 मध्ये. प्रदीपजींनी या गाण्याची रॉयल्टी युद्धात वीरगती मिळालेल्या जवानांच्या पत्नींसाठी देऊन टाकली. पण त्या निधीला थकलेले 10 लाख रुपये द्या, असा आदेश 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला द्यावा लागला. गाणं देशभर दर 15 ऑगस्टला वाजत होतं. कवीने दिलेला शब्द पाळला जातोय का, हे विचारायला मधली इतकी वर्षं गेली.

आणि भोपाळला तर हे कुणी वेगळं सांगायला नको. 1989 मध्ये युनियन कार्बाइडशी 47 कोटी डॉलरची तडजोड झाली. वाटप सुरू व्हायला 1992 उजाडलं. बहुतेक जखमींच्या हाती आले 25,000 रुपये. शिल्लक रक्कम पीडितांना वाटा, हे सर्वोच्च न्यायालयाला 2004 मध्ये सांगावं लागलं. या शहरात 'तुमच्यासाठी पैसे गोळा केलेत' हे वाक्य लोकांनी खूप ऐकलंय. आपण वर्गणी म्हणा की इथल्यासारखं चंदा म्हणा, समोरचा पहिला प्रश्न हिशेबाचाच करणार, आणि त्याला तो हक्क आहे.

उलट उदाहरणही इथलंच आहे. त्याच 2004 साली रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. दोघीही स्वतः गॅसपीडित. पुरस्काराच्या पैशातून त्यांनी चिंगारी ट्रस्ट उभा केला. तिथे आज मुलांवर उपचार होतात. आलेला पैसा आणि झालेलं काम, दोन्ही दिसतं. आपल्या अल्बमनेही एवढं साधलं तर पुष्कळ झालं.

आता कायद्याचं. 'चॅरिटीसाठी आहे, कोण विचारतंय?' असं म्हणून चालणार नाही. हौशी मंडळाने तिकीट न लावता प्रेक्षकांसमोर गाणं गायलं तर कॉपीराइट कायदा सूट देतो. पण रेकॉर्ड करून विकायला निघालो की ती सूट संपते. 2012 च्या दुरुस्तीनुसार मूळ रेकॉर्डिंगच्या वर्षानंतर पाच वर्षं गेल्याशिवाय कव्हर काढता येत नाही. आधी नोटीस द्यावी लागते, दरवर्षी किमान 50,000 प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते आणि 'हे कव्हर आहे' असं वेष्टनावर छापावं लागतं. किंवा मग थेट मालकाची परवानगी घ्यायची. शिवाय यात नुसता कायदाच नाही. गीतकार-संगीतकाराच्या हक्काचे पैसे बुडवून केलेलं दान हे दुसऱ्याच्या खिशातून केलेलं दान झालं.

मग आपल्याला परवडेल असा रस्ता कोणता? मला तो भा. रा. तांब्यांकडे जाताना दिसतो. मुंगावलीत जन्मलेले, देवास-ग्वाल्हेरकडे आयुष्य काढलेले हे आपल्या प्रांताचे मराठी कवी. 1941 मध्ये ते गेले. कवीच्या निधनानंतर 60 वर्षांनी शब्द सगळ्यांचे होतात, म्हणजे तांब्यांचे शब्द आज मोकळे आहेत. पण लताबाई गायल्या त्या वसंत प्रभूंच्या चालींचा हक्क वेगळा. तेव्हा शब्द तांब्यांचे घ्यावेत आणि चाली आपल्या मुलामुलींनी बांधाव्यात. कुणी म्हणेल, मग ते कव्हर कसलं? नसू दे. रॉयल्टी वाचेल, आणि मध्य प्रदेशातल्या मराठीला नव्या चाली मिळतील.

पुढच्या बैठकीसाठी माझ्या तीन सूचना. मदत कोणत्या संस्थेला द्यायची ते ठरवून तिची लेखी संमती घ्यावी. पैसे कुणाच्या खासगी खात्यात न घेता शक्यतो थेट त्या संस्थेच्याच खात्यात जावेत. आणि किती आले, किती खर्च झाले, किती दिले, हे वर्षअखेरीस याच अंकात छापावं, रक्कम अगदी 3,000 रुपये असली तरी.

हिशेब लिहायचं काम मी घ्यायला तयार आहे. गायला मात्र कृपा करून बोलावू नका.