फिरता कशासाठी?



गेल्या महिन्यात बैठक आटोपल्यावर आम्ही सगळ्यांनी मिळून वॉल्टर सालेस यांचा २००४ सालचा ‘द मोटरसायकल डायरीज’ हा चित्रपट पाहिला. १९५२ साली अर्जेंटिनातून निघालेले दोन तरुण : वैद्यकीचा विद्यार्थी अर्नेस्तो गव्हेरा, म्हणजे पुढचा ‘चे’, आणि त्याचा वयाने मोठा मित्र आल्बेर्तो ग्रानादो. त्यांची जुनी नॉर्टन मोटरसायकल चिलीत कायमची बंद पडते. मग हे पायी, कुणाच्या तरी ट्रकवर बसून पुढे जातात, आणि माणसं खरी भेटतात ती तेव्हापासून.

अटाकामाच्या वाळवंटात रात्री शेकोटीपाशी एक नवरा-बायको भेटतात. जमीन गेलेली, कम्युनिस्ट म्हणून पोलिस मागावर, मूल घरच्यांकडे ठेवून दोघं खाणीत काम शोधायला निघालेली. तुम्हीही कामच शोधताय का, असं ती बाई विचारते. नाही म्हटल्यावर तिला उलगडा होईना, मग फिरता कशासाठी? नुसतंच फिरायला, हे सांगताना अर्नेस्तो ओशाळतो. शेवटी तो अमेझॉन पोहून कुष्ठरोग्यांच्या तीरावर जातो, त्याचं कौतुक सगळे करतात. मला मात्र त्याची जाग इथेच दिसली. प्रेयसीने पोहण्याचा पोशाख आणायला दिलेले १५ डॉलर त्याने याच जोडप्याला दिले, हे आपल्याला बरंच नंतर कळतं.

एम.एस.डब्ल्यू. करताना वस्तीत फॉर्म भरून घेत होते, तेव्हा एका आजींनी विचारलं होतं, “बाई, यात तुला काय मिळतं?” मी म्हटलं, “मार्क.” आठवलं की अजून कानकोंडं होतं.

दुसऱ्या दिवशी चुकिकामाताच्या खाणीवर मुकादम पुरुष निवडतो, ट्रक त्यांना घेऊन जातो. त्या बाईचं पुढे काय झालं? कॅमेरा अर्नेस्तोबरोबर निघून जातो. रस्ता तिच्याही वाट्याला आला होता, पण घर सुटलं म्हणून.

चित्रपट संपल्यावर आमची बावीस वर्षांची कार्यकर्ती म्हणाली, “ताई, त्याला निरोप द्यायला सगळं घर जमतं. माझा भाऊसुद्धा महिनाभर गाडीवर फिरून आला. मला एका रात्रीच्या शिबिराला चौघांची परवानगी लागते.”

जूनमध्ये आमचा आठ दिवसांचा अभ्यासदौरा आहे. येत्या रविवारी तिच्या वडिलांना भेटायला आम्ही दोघी जाणार आहोत. आजीशी आधी बोलून ठेवा, असं तिने बजावलं आहे.