मनाची खतावणी

दिवसाचे व्यवहार संपल्यावर रोकड मोजून ताळा जुळविल्याशिवाय बँकेचा रोखपाल घरी जात नाही. फरक निघालाच तर त्याचे कारण शोधले जाते. मनाच्या व्यवहारांना मात्र ही शिस्त क्वचितच लावली जाते.

कायद्याच्या अभ्यासासाठी १८८८ मध्ये लंडनला गेलेले मोहनदास गांधी बसभाडे, टपाल, वर्तमानपत्र असा बारीकसारीक खर्चही लिहून ठेवीत आणि झोपण्यापूर्वी शिल्लक पडताळीत. पुढे सार्वजनिक निधीचे लाखो रुपये हाताळताना हीच सवय उपयोगी पडल्याचे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे.

त्याही आधीची एक नोंद अधिक अवघड होती. वयाच्या पंधराव्या वर्षी, भावाचे सुमारे २५ रुपयांचे कर्ज फेडण्यासाठी त्यांनी भावाच्याच कड्यातील थोडे सोने चोरले. ते कर्ज फिटले. पण मनावर दुसरे चढले. अखेर कबुलीपत्र लिहून आणि त्यात शिक्षा मागून त्यांनी ते आजारी वडिलांच्या हाती दिले. वडिलांचे डोळे भरून आले. त्यांनी पत्र फाडून टाकले.

आत्मपरीक्षण मनातल्या मनात राहिले की सबबी सहज सापडतात. स्वतःच्या अक्षरात लिहिलेली चूक तशी सवलत देत नाही. रोज रात्री दोन ओळी पुरेत: आज काय चुकले आणि उद्या ते कोणापाशी मान्य करायचे. पहिली ओळ लिहायला शिस्त लागते, दुसरी पाळायला धैर्य. देणी लपवून मांडलेला ताळेबंद बँकेत चालत नाही. आयुष्यात तरी तो का चालावा?