शिकवलेल्या कुत्र्याला जागा द्या

प्रति,
महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली
व्यवस्थापकीय संचालक, महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी
विभाग नियंत्रक, एसटी महामंडळ, अहिल्यानगर
जिल्हाधिकारी, अहिल्यानगर

महोदय,


आपल्या नगर शहरात रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं आहे. पारनेर-श्रीगोंद्याकडं तर फौजेत कुणीच गेलं नाही असं गाव सापडणं अवघड. पेन्शनवर घरी आलेल्यांपैकी काहींची झोप मात्र परत येत नाही. रात्री दचकून उठणं, बाजारातल्या गर्दीत घाम फुटणं, लग्नाच्या वरातीतला फटाका वाजला की अंग थरथरणं. घरची माणसं एवढंच सांगतात, ‘त्यांना जरा राग लवकर येतो.’ हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत, हे गावात अजून मोकळेपणानं बोललं जात नाही.

या उपचारांना जोड म्हणून जगभर शिकवलेले कुत्रे दिले जातात. अशा कुत्र्याला नेमकी कामं येतात. मालक झोपेत ओरडू लागला की त्याला उठवायचं, गर्दीत त्याच्या आणि इतरांच्या मध्ये उभं राहायचं, श्वास कोंडू लागला की मांडीवर भार देऊन बसायचं, गोळीच्या वेळेला नाकानं ढोसायचं. अमेरिकेनं 2021 साली खास कायदा करून माजी सैनिकांसाठी या पद्धतीचा प्रयोग सरकारी रुग्णसेवेत सुरू केला. आपल्याकडं असे कुत्रे अजून फार थोडे आहेत. म्हणूनच हे पत्र आत्ता लिहीत आहे, कारण नियम नीट करायला हीच वेळ बरी.

आज असा माणूस कुत्रा घेऊन घराबाहेर पडला, तर त्यानं जायचं कसं? रेल्वे तुमच्या अखत्यारीत नाही, पण तिथली रीत सांगतो. कुत्रा सोबत बसवायचा तर वातानुकूलित प्रथम वर्गाचा अख्खा कूपे आरक्षित करावा लागतो, नाहीतर त्याची रवानगी गार्डच्या डब्यात. जवानाच्या पेन्शनीत कूपे परवडत नाही आणि गार्डच्या डब्यातला कुत्रा मालकाच्या काही उपयोगाचा नाही. विमानात आकासा एअरनं नोव्हेंबर 2022 पासून कुत्री-मांजरं केबिनमध्ये न्यायला सुरुवात केली, त्याचं कौतुकच आहे. पण सुरुवातीची मर्यादा पिंजऱ्यासह 7 किलोची होती. मांडीवर भार देऊन माणसाला सावरणारा लॅब्रॅडॉर 25-30 किलोचा असतो. तो पिंजऱ्यात बसत नाही, आणि बसवला तर काम करू शकत नाही.

महासंचालक महोदय, दिव्यांग प्रवाशांसाठीच्या तुमच्या नियमावलीत प्रशिक्षित मार्गदर्शक कुत्र्याला केबिनमध्ये जागा आहे. मनाच्या आजारासाठी शिकवलेल्या कुत्र्यालाही तीच जागा आहे, हे तुम्ही स्पष्ट शब्दांत लिहावं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं मान्य केलेल्या 21 प्रकारांत मानसिक आजार आहे. त्याच कायद्याचं 41 वं कलम बसथांबे, रेल्वे स्थानकं आणि विमानतळ दिव्यांगांना वापरता येतील असे करण्याची जबाबदारी सरकारवर टाकतं. डोळ्यांनी न दिसणाऱ्याला एक न्याय आणि मनानं कोसळणाऱ्याला दुसरा, असं कायदा म्हणत नाही.

मात्र ‘माझ्या कुत्र्यामुळं मला बरं वाटतं’ एवढ्या सांगण्यावर दार उघडू नका, अशीही माझी तितकीच कळकळीची विनंती आहे. अमेरिकेनं ते करून पाहिलं. तिथं समुपदेशकाचं पत्र दाखवलं की भावनिक आधाराचा प्राणी विमानात फुकट नेता येई. मग घरबसल्या इंटरनेटवर पत्रं मिळू लागली. कुत्री, मांजरं, डुकरं आली. जानेवारी 2018 मध्ये नेवार्क विमानतळावर एक बाई मोर घेऊन आली आणि तो केबिनमध्ये नेऊ देत नाहीत म्हणून वाद झाला. त्याआधी जून 2017 मध्ये अटलांटाहून निघायच्या विमानात आधाराचा म्हणून आणलेला कुत्रा शेजारच्या प्रवाशाच्या चेहऱ्याला चावला. त्या कुत्र्याचा मालक सैनिक होता, हे मला फार बोचतं. त्याची गरज खरी असू शकते, पण शेजाऱ्याच्या जखमाही खऱ्याच. शेवटी डिसेंबर 2020 मध्ये तिथल्या वाहतूक खात्यानं नियम बदलला. केवळ आधाराचे प्राणी आता पाळीव प्राण्यांत मोजले जातात, आणि मनाच्या आजारासाठी काम शिकवलेल्या कुत्र्याला अंधांच्या कुत्र्याइतकाच हक्क आहे. आपण थेट या शेवटच्या पायरीवरून सुरुवात करू शकतो.

कुत्र्यानं माणसाला धीर येतो, हे नगर जिल्ह्याला शिकवायला नको. मेंढरं घेऊन रानात मुक्काम टाकणारा धनगर कुत्र्याच्या भरवशावर डोळा मिटतो. बाळा गणपत शिंपी हिवतापानं बेजार झाले, तेव्हा साईबाबांनी त्यांना लक्ष्मीच्या देवळापाशी काळ्या कुत्र्याला दहीभात घालायला सांगितलं, ही साईसच्चरितातली कथा शिर्डीत सगळ्यांना ठाऊक आहे. ही माया मोठी आहे. पण एसटीत शेजारी बसलेल्या बाईच्या लेकराला कुत्रा चावून गेलेला असेल, तर तिच्या भीतीपुढं आपल्या मायेचा दाखला देऊन चालत नाही. पिसाळलेल्या कुत्र्याची दहशत आपल्या गावांनी पाहिली आहे. त्या भीतीला उत्तर एकच, कुत्रा खरोखर शिकवलेला असणं.

विभाग नियंत्रक साहेब, 7 नोव्हेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं इथून भटकी कुत्री हलवायला सांगितलं. तो आदेश भटक्या कुत्र्यांपुरता आहे. पट्ट्यात, मालकाच्या पायाशी शांत बसलेला कुत्रा त्यात मोडत नाही, हे नगरच्या माळीवाडा आणि तारकपूर बसस्थानकांवरच्या माणसांना कुणीतरी सांगायला हवं, नाहीतर आधीच घाबरलेल्या माणसामागं काठी लागेल. अमेरिकेत दुकानदार किंवा कर्मचारी दोनच प्रश्न विचारू शकतात. हा कुत्रा अपंगत्वामुळं लागतो का? आणि त्याला कोणतं काम शिकवलं आहे? आजार कोणता, हे विचारायचं नाही. कुत्रा मालकाच्या ताब्यात नसेल तर त्याला बाहेर काढता येतं. हे दोन प्रश्न आपल्या वाहकाला सहज विचारता येतील.

जिल्हाधिकारी महोदय, याची सुरुवात नगरलाच व्हावी असं मला मनापासून वाटतं. गरजू माणूस कोण, हे जिल्हा रुग्णालयातला मानसोपचारतज्ज्ञ सांगेल. रेबीजची लस आणि कुत्र्याची तब्येत तालुक्याचा पशुवैद्यक पाहील. सैनिक कल्याण कार्यालय माजी सैनिकांच्या घरापर्यंत पोचू शकतं. उरतो कुत्रा शिकवणारा. मेरठच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअर केंद्रात लष्कराचे कुत्रे तयार होतात, आणि 2024 साली त्यांनी निवृत्त झालेले काही कुत्रे नागरिकांना व विशेष मुलांच्या आशा शाळांना दिले. नगरसारख्या लष्करी शहरानं मागणी केली तर ते निदान शिकवणाऱ्यांना शिकवतील. चाचणी मात्र कडक हवी. गर्दीत, भोंग्याच्या आवाजात, पुढ्यात भाकरी टाकली तरी जो हलणार नाही, त्यालाच ओळखपत्र. मग ते ओळखपत्र एसटीत, दवाखान्यात आणि काकडीच्या शिर्डी विमानतळावर सारखंच चालावं.

विमानतळ कंपनीला सांगण्यासारखं उदाहरण मुंबईचंच आहे. 2023 च्या सुरुवातीला तिथल्या टर्मिनल 2 मध्ये प्रवाशांचा ताण हलका करायला शिकवलेले कुत्रे आणले गेले. अनोळखी प्रवाशाला धीर देणारा कुत्रा विमानतळावर चालतो, तर आजारी माणसाचा स्वतःचा शिकवलेला कुत्रा शिर्डीच्या दारात अडायला नको. सुरक्षा तपासणी कशी होईल, विमानात तो पायाशी कुठं बसेल, शेजारच्याला ॲलर्जी असेल तर जागा कशी बदलून देणार, एवढं लिहून फलकावर आणि संकेतस्थळावर लावा.

नुसत्या सोबतीसाठी कुत्रा नेणाऱ्यांनी पाळीव प्राण्यांचे नियम पाळावेत आणि भाडं भरावं. शिकवलेला असल्याचं खोटं जाकीट घालून कुत्रा आणणाऱ्याला दंड करा. आणि ज्याचा कुत्रा खरोखर काम करतो, त्या माणसाला पुन्हा पुन्हा आपलं दुखणं चारचौघांत उघडं करायला लावू नका. तुम्ही चौघांनी मिळून हा नियम लेखी करावा, ही विनंती.

आपला,
अहिल्यानगर जिल्ह्यातील एक नागरिक